इंदापूरची मोजणी, ॲलिस स्प्रिंग्जची तारकचेरी आणि आपलं समाजशास्त्र: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या लेखात मी लिहिलं होतं की समाजशास्त्र युरोपातल्या कारखान्यांत जितकं घडलं, तितकंच वसाहतींच्या कचेऱ्यांत घडलं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींना अतिशयोक्ती वाटली, आणि एकाने ‘आता हेही इंग्रजांच्या माथी मारणार का?’ असं विचारलं. निवडक प्रश्न घेतो. सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही, त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न: आम्हाला समाजशास्त्राचे संस्थापक म्हणून मार्क्स, दुर्खीम, वेबर शिकवताना सुरुवात होते फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांतीपासून. यात वसाहती कुठे बसतात? (एम.ए.ची विद्यार्थिनी, नांदेड)

दुर्खीमपासून सुरू करू, त्याचं उदाहरण सगळ्यांत उघडं आहे. १९१२ साली त्याचा धर्मावरचा मोठा ग्रंथ आला. देवाच्या नावाने समाज स्वतःचीच पूजा बांधतो, ही त्यातली मांडणी तुमच्या वहीत असेलच. पण पुरावा कुठला? मुख्यतः मध्य ऑस्ट्रेलियातल्या आरेर्न्टे लोकांचा. दुर्खीम तिकडे कधी फिरकला नाही. त्याने वाचलं ते १८९९ साली निघालेलं स्पेन्सर आणि गिलन या जोडीचं पुस्तक. स्पेन्सर मेलबर्नला जीवशास्त्राचा प्राध्यापक होता. गिलन मात्र ॲलिस स्प्रिंग्जच्या तारकचेरीचा मास्तर.

ही तारकचेरी तिथे आली कशी, हे पाहण्यासारखं आहे. १८७२ साली ॲडलेडपासून डार्विनपर्यंत वाळवंटातून तार ओढली गेली. पुढे समुद्राखालून जावा, मग सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडन करत संदेश लंडनला पोचायचा. वाळवंटात तारकचेरी बांधायची तर पाण्याच्या कडेलाच बांधावी लागे, आणि ते पाणी आरेर्न्टे लोकांचं होतं. तारेपाठोपाठ गोऱ्यांचे गुरांचे कळप आले, पाणवठे हातचे गेले. उपाशी लोकांनी गुरं मारली की पोलीस बंदुका घेऊन निघत. गिलन तारमास्तर होता, शिवाय दंडाधिकारी, शिवाय सरकारने नेमलेला ‘मूळनिवाशांचा उपसंरक्षक’. १८९१ साली विल्शायर नावाच्या पोलीस शिपायाच्या हाताखाली दोन मूळनिवासी मारले गेले, तेव्हा गिलननेच चौकशी करून त्याला खुनाच्या खटल्यावर पाठवलं. विल्शायर निर्दोष सुटला. पण आरेर्न्टे लोकांनी पुढे आपले विधी गिलनला पाहू दिले, त्यामागे ही आठवण असावी असं मला वाटतं. १८९६-९७ च्या उन्हाळ्यात तारकचेरीच्या परिसरात एंग्वुरा नावाचा मोठा विधी झाला. स्पेन्सर आणि गिलन तो टिपत बसले होते.

दुर्खीमच्या ग्रंथात तार नाही, गुरं नाहीत, विल्शायर तर नाहीच. तिथे आहे तो ‘सर्वांत साधा’ समाज, काळाचा स्पर्श न झालेला. माणसं एकत्र जमली की त्यांच्यात जो आवेश संचारतो, त्याबद्दल दुर्खीम जे म्हणतो ते मला आजही पटतं. पंढरीच्या वाटेवर चाललेल्या कुणालाही पटेल. पण ‘हा मानवजातीचा आरंभ आहे’ हा त्याचा दावा उभाच राहत नाही. तो ज्यांना आरंभीचे म्हणत होता, ते त्याचेच समकालीन होते आणि त्यांची जमीन नुकतीच गेली होती.

मार्क्स आणि वेबर थोडक्यात. मार्क्सने १८५३ साली लंडनमध्ये बसून न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’साठी हिंदुस्थानावर लेख लिहिले. खेड्यांचं वर्णन त्याने घेतलं ते पार्लमेंटसाठी तयार झालेल्या १८१२ च्या अहवालातून, म्हणजे कंपनीच्या महसुली कागदांतून. आपली खेडी म्हणजे साचलेलं पाणी, हे चित्र तिथून आलं. म्हातारपणी मात्र त्याने जमीनधारणेवर पुन्हा ढीगभर वाचन केलं, टिपणवह्या भरल्या, आणि रशियातल्या ग्रामसमाजांबद्दल १८८१ मध्ये लिहिताना त्याचा सूर बराच बदललेला दिसतो. अभ्यासक्रमात १८५३ चा मार्क्स असतो, १८८१ चा सहसा नसतो. वेबरचं नातं आपल्या जनगणनेशी आहे, ते खाली येईल.

प्रश्न: आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात. ‘साहेबाची पहिली मोजणी आपल्याकडे झाली’ असं घरात ऐकत आलो. त्या मोजणीचा समाजशास्त्राशी काही संबंध लागतो का? (निवृत्त मंडल अधिकारी, बारामती)

लागतो, आणि चांगला घट्ट लागतो. पुस्तकातला सिद्धान्त जमिनीवर येऊन कसा आपटला, हे इंदापूरइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल.

कंपनीने आपले कारकून आणि कलेक्टर घडवण्यासाठी इंग्लंडात हेलीबरीला कॉलेज काढलं होतं. तिथे १८०५ पासून १८३४ मध्ये मरेपर्यंत माल्थस अर्थशास्त्र शिकवत होता. लोकसंख्येवाला माल्थस तो हाच. त्याच सुमारास त्याने आणि रिकार्डो या दुसऱ्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जमिनीच्या खंडाचा सिद्धान्त मांडला. सगळ्यांत हलक्या जमिनीत पिकतं ते लागवडीच्या खर्चातच जातं. त्याहून चांगल्या जमिनीत खर्च वजा जाता जे उरतं, तो खंड. तो मालकाला बसल्या जागी मिळतो, म्हणून सरकारने तो घेतला तरी शेतीचं काही बिघडत नाही. जेम्स मिल १८१९ मध्ये कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चिकटला आणि त्याला हे फार आवडलं. हिंदुस्थानात सरकारच जमिनीचं मालक समजा, की झालं काम. या मिलने हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला होता, इथे एकदाही पाऊल न ठेवता. आणि ते न ठेवणं हा आपला गुणच आहे असं त्याने प्रस्तावनेत सांगून टाकलं.

माल्थसच्या वर्गातून बाहेर पडलेला पुण्याचा असिस्टंट कलेक्टर प्रिंगल १८२० च्या दशकात हा सिद्धान्त घेऊन शेतात उतरला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं एकूण उत्पन्न काढायचं, लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर सुरेख. पण खर्च काढायचा कसा? बैलाच्या कडब्याची किंमत काय धरायची? घरच्या माणसांच्या कष्टाची? एक वर्ष पावसाने दगा दिला तर त्याची सरासरी कशी लावायची? आकडे भरणार कारकून आणि कुलकर्णी, आणि त्यांचे हात कसे चालतात हे मी तुम्हाला सांगायला नको. दर लागू झाले तेव्हा धान्याचे भाव पडलेले होते. इंदापुरात जमिनी पडीक पडल्या, लोक निजामाच्या हद्दीत निघून गेले.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशोब बाजूला ठेवला. मातीचा रंग आणि खोली पाहून प्रतबंदी केली, पूर्वी खरोखर वसूल किती होत होता ते पाहिलं, झेपेल असा आकार, म्हणजे शेतसारा, बांधला आणि तो तीस वर्षं हलवायचा नाही असं ठरवलं. तुमचे सर्व्हे नंबर त्याच घराण्यातले.

गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांनी फेरआकारणी आली ती अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते त्या काळाच्या आसपास, आणि आकार चांगलाच वाढला. भाव उतरले, आकार उतरला नाही, सावकाराचं कर्ज वाढलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली. चौकशीसाठी आयोग बसला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून पुढे काम केलं न्यायमूर्ती रानड्यांनी. हेच रानडे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात व्याख्यानाला उभे राहिले आणि म्हणाले की इंग्रजी अर्थशास्त्र जो स्वार्थी, एकटा, मोकळेपणाने करार करणारा माणूस गृहीत धरतं, तो आमच्याकडे नाही. इथे कुटुंब आणि जात माणसाहून बलवान आहेत, म्हणून ते नियम सर्वत्र लागू पडत नाहीत. हे व्याख्यान आपण देशभक्तीच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. मला तो सिद्धान्त वाटतो, आणि मोजणी, दंगा, कोर्ट हे सगळं पाहिलेल्या माणसाने मांडलेला.

प्रश्न: ‘जात ही इंग्रजांनी निर्माण केली, त्याआधी फक्त व्यवसाय होते’ असा मेसेज आमच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. आता तुमच्या लेखाचाही त्यासाठी दाखला देतायत. खरं काय? (वाचक, पुणे)

माझा लेख त्यासाठी वापरत असतील तर तो नीट वाचलेला नाही. चोखामेळा चौदाव्या शतकातला. त्याला पंढरपुरात देवळाच्या आत जाता येत नव्हतं, आणि तेव्हा इंग्लंडात हिंदुस्थानचं नावही कुणाला धड ठाऊक नसेल. पेशव्यांच्या दप्तरात ग्रामण्याचे कज्जे आहेत: कुणी कुठले मंत्र म्हणायचे, कुणाशी पंगत चालते, कुणाला वाळीत टाकायचं. हे निवाडे सरकार देत होतं. घरं आणि माणसं मोजणाऱ्या खानेसुमाऱ्याही इंग्रजांआधी होत होत्या. जातीची नोंद करणं हा साहेबाचा शोध नव्हे.

मग इंग्रजांनी केलं काय? त्यांची देशपातळीवरची मोजदाद पहिल्यांदा १८७१-७२ मध्ये झाली, सगळीकडे एकाच वेळी १८८१ मध्ये. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता हर्बर्ट रिस्ली. नाकाची रुंदी आणि उंची मोजून माणसाचं सामाजिक स्थान सांगता येतं असं मानणारा हा गृहस्थ. त्याने ठरवलं की जाती नुसत्या मोजायच्या नाहीत, प्रत्येक प्रांतात त्यांची वरपासून खालपर्यंत उतरंड लावायची. आता गंमत पाहा. जी गोष्ट गावागणिक वेगळी होती, भांडता येण्याजोगी होती, ती छापील तक्त्यात पक्की होणार म्हटल्यावर देशभर जातींच्या सभा उभ्या राहिल्या, पुराणांतले दाखले शोधले गेले, अर्ज सुटले. १९११ ला उतरंडीचा प्रकार सोडून दिला तरी अर्ज थांबेनात. त्या वर्षी एकट्या बंगालात आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरल्याची नोंद तिथल्या जनगणना अधिकाऱ्याने केली आहे. अर्जांचं वजन करणारा अधिकारी मला नेहमीच आवडत आला आहे.

आणि हे तक्ते नुसते कपाटात राहिले नाहीत. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. अशा जमातींना डांबून ठेवणारी सोलापूरची सेटलमेंट ज्यांनी पाहिली किंवा ऐकली, त्यांना वेगळं सांगायला नको. ‘लढवय्या जमाती’ कोणत्या याचा सिद्धान्त निघाला आणि १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या माणसांना एका सिद्धान्ताने घरी बसवलं.

नांदेडच्या ताईंना वेबरबद्दल सांगायचं राहिलं होतं, ते इथे. १९१६-१७ मध्ये वेबरने हिंदू आणि बौद्ध धर्मावर लिहिलं, तेव्हा त्याचा एक मोठा आधार होता हे जनगणनेचे अहवाल. त्याला ते फार मोलाचे वाटले. म्हणजे साहेबाने वर्गवारी केली, तिच्यामुळे समाज ढवळला, ढवळलेल्या समाजाचे आकडे अहवालात आले, आणि ते अहवाल जर्मनीत ‘हिंदू समाजाचं स्वरूप’ म्हणून वाचले गेले. जात खरी, तिचा जाचही खरा. पण ती देशभर एकसारखी, घट्ट शिडी आहे हे चित्र बऱ्याच अंशी त्या कचेरीतलं.

हे सांगणारे परदेशी अभ्यासक नंतरचे, बरं का. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ सालीच लिहून ठेवलं होतं की जनगणनेने जातीच्या अभिमानाला खतपाणी घातलं.

प्रश्न: मग हे सगळे गोरे विचारवंत टाकून द्यायचे का? (वाचक, सांगली)

नाही. टाकून दिलं की वाचायचं वाचतं, एवढाच फायदा. वेबर वाचताना त्याला माहिती कुठून मिळाली ते शोधा. तळटीपा वाचायची सवय लावा, आमच्या पिढीतही ती फार कमी जणांना होती.

प्रश्न: मी बर्लिनला राहते. इरावती कर्वे इथे शिकल्या एवढंच माहीत होतं. त्यांच्या संशोधनाचा जर्मन वसाहतींशी संबंध होता असं अलीकडे ऐकलं. (वाचक, बर्लिन)

होता. तुमच्या शहरातल्या डालेम भागात १९२७ साली मानववंशशास्त्र आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था निघाली. तिचा संचालक ऑयगेन फिशर हाच इरावतीबाईंचा मार्गदर्शक. फिशरचं नाव झालं ते आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथल्या मिश्रवंशीय लोकांच्या अभ्यासावर. १९०८ साली तो तिथे गेला, तेव्हा हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन फौजेने केलेला संहार नुकताच आटोपत होता. असल्या ‘संशोधना’ला तिथे परवानगी मागावी लागत नसे. पुढे हा माणूस नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत होता.

इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. युरोपीय कवट्यांत हा फरक जास्त, आणि त्याचा बुद्धीशी संबंध, अशी फिशरची अपेक्षा. बाईंच्या हाती आलेल्या कवट्यांत काही जर्मन पूर्व आफ्रिकेतून, म्हणजे आजच्या टांझानियातून आणलेल्या होत्या. त्या मोजून त्यांनी निष्कर्ष काढला की या बाबतीत वंशावंशांत फरक दिसत नाही. परदेशी, एकटी विद्यार्थिनी, पदवी गुरूच्या हातात, आणि तिचे आकडे गुरूच्या विरुद्ध जातात. ते तिने तसेच लिहिले.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. ज्या पद्धतीचं मूळ हे असं होतं, ती कॅलिपर घेऊन मोजण्याची पद्धत बाईंनी सोडली नाही. परत आल्यावर, डेक्कन कॉलेजात असतानाही, त्या महाराष्ट्रभर लोकांची मापं घेत हिंडल्या. त्यातून निघालं काय, तर कुंभार म्हणून आपण एकच जात समजतो त्यात वेगवेगळ्या उगमाचे गट आहेत, एका मूळ जातीचे तुकडे होऊन ते झालेले नाहीत. साहेबाच्या तक्त्यात कुंभार एका ओळीत बसत होते. त्याच हत्याराने बाईंनी ती ओळ मोडली. मला यात विजयही दिसतो आणि अडचणही, आणि मी त्यांतलं एक निवडणार नाही.

प्रश्न: सारखं इंग्रजच का? फ्रेंचांचं काय? (वाचक, नागपूर)

बरोबर आहे. अल्जीरियातला काबिलिया नावाचा डोंगराळ मुलूख घ्या. फ्रेंच सैन्यातला अधिकारी आनोतो आणि न्यायखात्यातला लतुर्नो यांनी तिथल्या रीतीरिवाजांवर १८७२-७३ मध्ये मोठे खंड काढले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ ला, काबिल लोकांचा उठाव चिरडून त्यांच्या जमिनी जप्त झाल्या होत्या. १८९३ साली दुर्खीमने श्रमविभागणीवर लिहिताना, एकसारखे तुकडे जोडून झालेल्या समाजाचं उदाहरण म्हणून हेच काबिल घेतले, याच खंडांतून.

साठेक वर्षांनी त्याच मुलखात पिएर बोर्दिए आला, पुढे नावाजलेला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. १९५५ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेवर आला, मग अल्जीअर्सला शिकवू लागला. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. फ्रेंच लष्कर वीस लाखांहून जास्त शेतकऱ्यांना गावांतून उठवून तळांवर कोंबत होतं. अब्दलमालेक सय्याद हा अल्जीरियन विद्यार्थी बरोबर घेऊन बोर्दिए त्या तळांवर फिरला. शेत गेलं, गाव गेलं, तरी माणसाच्या अंगवळणी पडलेलं उठणं-बसणं, वेळेचा हिशोब, मानपानाची कल्पना लगेच जात नाही. नव्या जागी ते सगळं निरुपयोगी होतं आणि माणूस हरवतो. पुढे जगभर गाजलेली त्याची हॅबिटसची कल्पना इथल्या निरीक्षणांवर पोसलेली आहे. वर्गात ती पॅरिसच्या उच्चभ्रूंच्या आवडीनिवडींच्या उदाहरणाने शिकवतात, तळांचं नाव निघत नाही.

बोर्दिएचं एक मात्र मला फार आवडतं. काबिलियात जे प्रश्न विचारले, तेच त्याने लगेच फ्रान्समधल्या आपल्या मूळ मुलखात जाऊन विचारले, तिथल्या लग्न न जमणाऱ्या शेतकरी पोरांबद्दल. त्याच काळात, पुढे वसाहतवादावरच्या लिखाणाने गाजलेला फ्रान्त्झ फॅनन अल्जीरियातच ब्लिदाच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होता. पण त्याच्यावर एक वेगळा लेखच लिहावा लागेल.

प्रश्न: गोव्याच्या कोमुनिदादींचा या चर्चेशी संबंध आहे का? (वाचक, फोंडा)

आहे. कोमुनिदाद म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी ग्रामसंस्था. हिंदुस्थानातली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकं, हे कंपनीचा अधिकारी चार्ल्स मेटकाफ याचं १८३० चं वाक्य मेनपासून मार्क्सपर्यंतच्या परंपरेत मुरलेलं आहे. हेन्री मेन तर गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदामंत्री होता आणि परत गेल्यावर १८७१ मध्ये त्याने पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसमाजांवर पुस्तक लिहिलं. तुमच्याकडे गांवकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ हक्कदार घराण्यांच्या, सामायिक हक्कांची नोंद पोर्तुगीजांनी त्याच्या कितीतरी आधी, १५२६ मध्ये, अफोन्सो मेशियाच्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, केली. हेतू अर्थात महसूल बुडू नये हा. आणि त्या प्रजासत्ताकात मत होतं फक्त गांवकारांना, कुळांना नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी गोव्याच्या या ग्रामसंस्थांवर लिहिलेलं मिळालं तर जरूर वाचा. घरचाच माणूस असल्याने त्यांची नजर चुकत नाही.

प्रश्न: तुमच्या बोलण्यात वसाहतीतले लोक म्हणजे फक्त माहिती पुरवणारे. आपल्याकडे कुणी सिद्धान्त मांडलाच नाही का? रानडे सोडून सांगा. (शिक्षक, सातारा)

साताऱ्याच्या शिक्षकांनी हे विचारावं याचा आनंद आहे. भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत होते.

९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे आंबेडकर निबंध वाचतात. निबंधात समाचाराला घेतलेले जातीवरचे तेव्हाचे मोठे जाणकार आहेत: फ्रेंच सेनार, इंग्रज नेसफील्ड, आपला रिस्ली, आणि ज्ञानकोशकार केतकर, ज्यांचं जातीवरचं पुस्तक १९०९ सालचं. आंबेडकर एकेकाची व्याख्या घेतात आणि उलटीपालटी करून पाहतात. त्यांचं म्हणणं असं की शिवाशिव, पंगत, व्यवसाय ही जातीची लक्षणं आहेत, कारण नव्हे. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीवर. मग ते हिशोब मांडतात: गटाबाहेर लग्न नाही म्हटलं की गटात बायका-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई ‘जादा’ होते, बायको मेली तर पुरुष. जादा बाईचं काय करायचं, तर सती किंवा सक्तीचं वैधव्य. जादा पुरुषाला मात्र लहान मुलगी लग्नाला द्यायची. सती, वैधव्य, बालविवाह या तीन रूढी वेगवेगळ्या वाईट चाली नव्हेत, एकाच व्यवस्थेचे खिळे आहेत, हे इतक्या थंड डोक्याने आधी कुणी मांडलं नव्हतं. आणि युरोपीय अभ्यासक रंगाला नको तेवढं महत्त्व देतात, कारण त्यांच्याच डोक्यात रंग भरलेला आहे, हा टोलाही आहे. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना त्यांनी नाकाची मापं पुन्हा काढली, ती ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवायला.

जोतीराव फुले त्याआधीचे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना आहे. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि तिकडच्या निग्रो गुलामांची स्थिती यांना त्यांनी एका दोरीत ओवलं. आर्य बाहेरून आले ही युरोपीय पंडितांची मांडणी त्यांनी घेतली आणि तिचं टोक उलट्या दिशेला फिरवलं. आज तो इतिहास जसाच्या तसा कुणी स्वीकारणार नाही. पण ज्ञान कुणाच्या हातात आहे यावर सत्ता ठरते, हा त्यांचा धागा तपासून बघा, अजून तुटत नाही.

प्रश्न: मी हिंजवडीत डेटा सायन्समध्ये आहे. ‘महालनोबिस डिस्टन्स’ रोज वापरतो. त्याचं मूळ वसाहतीतल्या वंशमापनात आहे असं एकाने सांगितलं. खरं आहे? असेल तर सूत्र वापरणं चूक का? (वाचक, पुणे)

खरं आहे. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक ॲनंडेल यांची आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांची गाठ पडली. ॲनंडेलनी कलकत्त्यात अँग्लो-इंडियन लोकांची मापं घेऊन ठेवली होती आणि त्यांना आकड्यांत डोकं चालणारा माणूस हवा होता. महालनोबिस भौतिकशास्त्रवाले. पहिला लेख १९२२ मध्ये आला. पुढे जातींच्या मापांवर काम करताना प्रश्न पडला: डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, उंची ही मापं एकमेकांवर अवलंबून असतात, मग दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत हे सांगायचं कसं? त्यातून १९३६ चं सूत्र निघालं.

सूत्राला नाक काय आणि बँकेतला संशयास्पद व्यवहार काय, सारखंच. ते वापरा. पण सूत्र चालवण्याआधी दोन गोष्टी कुणीतरी ठरवलेल्या असतात: मोजायचं काय, आणि कुणाला कुठल्या गटात टाकायचं. कलकत्त्यात त्या ॲनंडेलनी ठरवल्या. तुमच्या कंपनीत त्या कोण ठरवतं, तेवढं विचारून मला कळवा. उत्तर आलं तर पुढच्या लेखात घेतो.